घरट्यापलीकडचे घर

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाचे एका कुटुंबाने केलेले वाचन

मारुती चितमपल्ली हे अरण्याचे लेखक, अशी त्यांची ओळख मराठी साहित्यात रूढ झाली आहे आणि ती यथार्थच आहे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या या लेखकाने कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात शिक्षण घेतले, छत्तीस वर्षे वनखात्यात सेवा केली आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. १९९० मध्ये निवृत्त होण्यापूर्वीच 'पक्षी जाय दिगंतरा' (१९८३) आणि 'जंगलाचं देणं' (१९८५) ही पुस्तके वाचकांच्या हाती आली होती. पुढे 'रानवाटा' (१९९१), 'रातवा' (१९९३), 'पक्षिकोश' (२००२), 'चकवाचांदण' (२००५) अशी मालिकाच लागली. २००६ साली त्यांच्याच जन्मगावी भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अशा लेखकाविषयी 'हा मुळात घराचा लेखक आहे' असे विधान कोणी केले, तर वाचक बुचकळ्यात पडतील. प्रस्तुत लेखात आम्हांला नेमके हेच विधान करावयाचे आहे. ते आम्हांला कसे सुचले हेही सांगितले पाहिजे, कारण त्याचा संबंध आमच्या घरातील एका वर्षाशी आहे.

आम्ही आरमोरीत राहतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे गाव २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होते. भोवती धानाच्या बांध्या, जुन्या मालगुजारांच्या काळातील तलाव आणि पलीकडे साग, मोह, तेंदू यांचे रान, असा हा मुलूख आहे. येथे कॅथॉलिक घरे विरळ आहेत, त्यामुळे घरातील सुखदुःखे घरातच अधिक बोलली जातात. शेतीच्या मुलखात वर्ष मृगापासून मोजतात. २०२४ च्या मृगापासून २०२५ च्या मृगापर्यंतचे वर्ष आमच्या घरात उलथापालथीचे गेले. आमच्यापैकी एकाची शाळेतील नोकरी संपली. थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी नागपूरला गेली. आणि उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आमची आई, मुलांची आजी, देवाघरी गेली. या सर्व घडामोडींत दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. एक, सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवर जाऊन सर्वांनी मिळून पक्षी पाहणे. आणि दुसरी, रात्री जपमाळेनंतर चितमपल्लींचे एखादे प्रकरण मोठ्याने वाचणे.

पक्ष्यांची नोंद ठेवण्यासाठी मुलांनी एक वही केली होती. तिला चार रकाने होते : तारीख, पक्षी, जागा आणि 'कोणी पाहिला'. पहिली नोंद पावशाची. मृगाचे पहिले ढग आले होते आणि आई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. चिंचेच्या बाजूने ती तिहेरी साद आली तेव्हा आईच प्रथम म्हणाली, "ऐका, पेरते व्हा म्हणतो आहे." दहा वर्षांच्या नातवाने पुस्तकाच्या आधारे तिची चूक दुरुस्त केली. पक्षी माणसांना काही सांगत नसतो, नर आपल्या हद्दीसाठी आणि मादीसाठी ओरडत असतो, असे त्याने समजावून सांगितले. आम्हीही त्याचीच बाजू घेतली; मुलगा अभ्यासू निघाला याचे कौतुक वाटले. आई एवढेच म्हणाली, "असेल बापा. आम्ही तर त्याच्याच सांगण्यावर पेरत आलो." वहीच्या चौथ्या रकान्यात मुलाने स्वतःचे नाव लिहिले. ही क्षुल्लक घटना त्या वेळी आम्ही विसरून गेलो. चितमपल्लींच्या पुस्तकांनी ती पुढे आम्हांला विसरू दिली नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. 'पक्षी जाय दिगंतरा' हे शीर्षक संत जनाबाईंच्या अभंगातून आलेले आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. परंतु त्या अभंगाचा आशय काय आहे, हे शीर्षक वाचताना आपण लक्षात घेत नाही. त्यातील पक्षी दूर जातो तो भटकण्यासाठी नव्हे. पिलांसाठी चारा आणण्यासाठी जातो. त्यात आकाशात हिंडणारी घार आहे, पोटाशी पिलू बांधून झाडावर फिरणारी वानरी आहे, कामात गुंतलेली आई आहे. आणि या सर्वांचे चित्त घरी, लेकराजवळ आहे. देव आपली अशीच काळजी वाहतो, असे जनाबाईंना सांगावयाचे आहे. पिलांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीचा प्रभू येशूने दिलेला दृष्टान्त ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्यांना या अभंगाची जातकुळी ओळखता येईल. वनखात्याच्या एका अधिकाऱ्याने आपल्या पहिल्याच पुस्तकाला हे नाव द्यावे, ही गोष्ट आम्हांला सूचक वाटते. रान हे घरापासून पळून जाण्याचे ठिकाण नाही. तेथे जायचे ते घरासाठी काही आणण्यासाठी, हे या लेखकाच्या साहित्याचे सूत्र त्या शीर्षकात आधीच सांगितलेले आहे.

हे सूत्र किती वेगळे आहे, हे कळण्यासाठी मराठीतील दोन थोर पुस्तकांशी तुलना करून पाहावी. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे बारा महिन्यांचे पुस्तक आहे. झाडांचे रंग, फुलांचे बहर, आभाळाच्या छटा यांचे इतके सूक्ष्म भान मराठी गद्यात त्यापूर्वी क्वचितच प्रकटले असेल. परंतु त्या वर्षाकडे पाहणारे मन एकटे आहे. महिने येतात आणि जातात. त्या महिन्यांत कोणाच्या घरी कोण जन्मले, कोण गेले, याची नोंद तेथे नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'नागझिरा' (१९७९) हे दुसरे उदाहरण. शहरातील संसार मागे ठेवून एक लेखक अरण्यात मुक्कामाला येतो आणि पाहिलेले टिपत जातो. त्या पुस्तकाचे सौंदर्यच त्या एकटेपणात आहे. वानरांच्या टोळीचे जीवन रंगविणाऱ्या 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीतही ती अलिप्त, शिकाऱ्यासारखी स्थिर नजर दिसते. ही दोन्ही पुस्तके कलाकृती म्हणून चितमपल्लींच्या बऱ्याच लेखनापेक्षा अधिक रेखीव आहेत, हे मान्य करावयास आम्हांला संकोच वाटत नाही.

चितमपल्ली मात्र रानात सहसा एकटे नसतात. त्यांच्याबरोबर कोणी तरी असते आणि ते कोणी तरी त्यांना काही सांगत असते. बालपणी आई आणि मामा. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार, शिवाय तळ्यावरचे ढिवर आणि रानातले गोंड. पक्षी दिसला की तो कोणी दाखविला हे त्यांच्या लेखनात येते. एखादी समजूत सांगितली की ती कोणाच्या तोंडून ऐकली हेही येते. आत्मचरित्राला त्यांनी 'एक वनोपनिषद' असे उपशीर्षक दिले आहे. उपनिषद म्हणजे गुरूच्या जवळ बसणे. या माणसाचे आत्मचरित्र हे म्हणूनच 'मी कोणाकोणाजवळ बसलो' याचे चरित्र झाले आहे. जिवंत माणसांजवळ तर ते बसलेच, परंतु शतकांपूर्वी होऊन गेलेल्या हंसदेव या जैन पंडिताच्या संस्कृत ग्रंथाजवळही बसले आणि 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणले. ढिवराचे बोलणे आणि पंडिताचा श्लोक यांना ते एकाच सतरंजीवर बसवितात.

नवेगावबांधचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आरमोरीहून वडसा आणि तेथून अर्जुनीच्या वाटेने आम्ही तेथे एकदा सहकुटुंब गेलो होतो. तो विस्तीर्ण जलाशय निसर्गनिर्मित वाटतो, परंतु तो माणसांनी बांधलेला आहे. कोलू पाटील कोहळी यांचे नाव त्याच्या निर्मितीशी जोडलेले आहे. भोवतालच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ पासून तो भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. सरकारी कागदावर ते एक संरक्षित क्षेत्र आहे. चितमपल्लींच्या लेखनात ते एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले अंगण आहे. पाणी कोणी अडविले, डोंगरांना नाती कोणी दिली, पाखरांची नावे कोणाच्या तोंडी टिकली, हे प्रश्न त्यांना पाखरांइतकेच महत्त्वाचे वाटतात.

शब्दांच्या बाबतीतही त्यांची हीच वृत्ती दिसते. बगळ्यांच्या सामुदायिक वसाहतीसाठी त्यांनी 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' असे शब्द मराठीत रुजविले. आगार म्हणजे घर. इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द शोधताना या लेखकाला वसाहत, तळ, अड्डा यांपैकी काही न सुचता घर सुचले, ही बाब आम्हांला त्यांच्या मनाची खूण वाटते. 'शब्दांचं धन' या पुस्तकाच्या नावातही वारशाची कल्पना आहे. धन हे कोणाकडून तरी येते आणि कोणाला तरी द्यावयाचे असते. 'पक्षिकोशा'त शास्त्रीय नावाबरोबर निरनिराळ्या भाषांतील आणि लोकांच्या तोंडची नावे नांदतात. शास्त्राने पक्ष्याला एक नाव द्यावे हे योग्यच आहे, त्याशिवाय जगभरच्या अभ्यासकांना एकमेकांशी बोलता येणार नाही. परंतु त्या एका नावासाठी बाकीच्या नावांना घराबाहेर काढण्याची गरज नाही, हे हा कोश काही न बोलता शिकवितो. तो चाळताना पावशापाशी आलो तेव्हा आमच्या ओट्यावरचा तो प्रसंग आठवला आणि मान खाली गेली. पावशा आपली पिले स्वतः वाढवीत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते आणि ते पक्षी परक्याचे पिलू आपले म्हणून भरवितात. शास्त्राने सांगितलेली ही हकिकत कोणत्याही लोककथेइतकीच विलक्षण आहे. आई असती तर तिला सांगितली असती, आणि या वेळी तिला दुरुस्त करण्यासाठी नव्हे.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. नाहीतर हा लेख गौरवलेख होईल.

पहिला आक्षेप जुना आहे. चितमपल्ली ऐकलेल्या गोष्टी पारखून घेत नाहीत. लोकसमजूत, पोथीतील विधान आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्यातील सीमारेषा त्यांच्या लेखनात पुसट होते. हा आक्षेप खरा आहे. 'निळावंती'सारख्या विषयाकडे ते वळतात तेव्हा वाचकाने आपला विवेक जागा ठेवणे आवश्यक ठरते. पावशा पेरणीची आज्ञा देत नाही, हे मुलांना कळलेच पाहिजे. परंतु लोकसमजुतीच्या तळाशी अनेकदा एक निरीक्षण असते. पावसाच्या तोंडावर त्या पक्ष्याची साद वाढते, हे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आणि त्याला शब्द दिले. विधान चूक, निरीक्षण बरोबर, असा निवाडा करण्याचे काम लेखकाने कधी कधी आमच्यावर सोडले आहे. ते त्याने स्वतः करावयास हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि आरमोरीत राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. चितमपल्लींचे अरण्य बहुतांशी शांत आहे. त्यातील गोंड आणि ढिवर हे ज्ञानी गुरू आहेत, परंतु त्यांच्या पोटाचा प्रश्न पक्ष्यांच्या मानाने कमी ऐकू येतो. आमच्या भागात रानात जाणे हा छंद असणारी माणसे थोडी. मोहफुले वेचण्यासाठी, तेंदूपत्ता तोडण्यासाठी, सरपणासाठी जाणारी अधिक. 'सीटी-१' असे नाव दिलेला, तेरा माणसांचे बळी घेतल्याचे मानलेला वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या जंगलात पकडला गेला. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेल्या रानटी हत्तींनी या जिल्ह्यातील धानाच्या बांध्या तुडविल्या आहेत. १० मे २०२५ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या दिवसानंतर आम्ही रानाच्या कडेपर्यंत जाणे थांबविले आणि तलावाच्या पाळीपुरतेच फिरू लागलो. आम्हांला ते थांबविता आले, कारण आमची चूल त्यावर पेटत नव्हती. रानावर जगणाऱ्या माणसाचा कोंडमारा समजून घ्यावयाचा असेल तर विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीकडे जावे लागते. त्याच मनोहरांनी 'नेगल'मध्ये हेमलकशाच्या प्राण्यांविषयी किती मायेने लिहिले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्राण्यांवरील प्रेम आणि माणसांविषयीचा संताप एकाच लेखणीत नांदू शकतात, हे पटते. चितमपल्लींच्या लेखणीत संताप नाही. ही त्यांची मर्यादा आहे.

तिसरा आक्षेप आमच्या मूळ विधानावरच येतो. हा घराचा लेखक असेल, तर त्याच्या पुस्तकांत त्याचे स्वतःचे घर कितीसे दिसते? 'चकवाचांदण'मधील बालपण आई आणि मामा यांनी भरलेले आहे, परंतु पुढे रानाच्या मानाने संसार मागे राहतो. ज्या माणसाने सारंगागाराच्या एकेका घरट्याची दखल घेतली, त्याच्या घरातील माणसांनी बदल्यांच्या आणि दूरच्या मुक्कामांच्या त्या वर्षांत काय सोसले असेल, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. या ठिकाणी सालीम अली यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) हे इंग्रजी आत्मचरित्र आठवते. शीर्षकातील त्या चिमणीवर मत्तयलिखित शुभवर्तमानातील चिमणीची सावली आहे. पक्ष्यांच्या सर्वेक्षणाच्या मोहिमांत त्यांच्या पत्नी तहमिना त्यांच्याबरोबर असत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि नंतर सालीम अली बहिणीच्या कुटुंबात राहिले. एका घराने मिळून जोपासलेला छंद आणि त्या घरावर झालेला आघात या दोन्ही गोष्टींना त्या पुस्तकात जागा आहे. तशी जागा आपल्या संसाराला चितमपल्लींनी अधिक दिली असती, तर मराठी आत्मचरित्रपर वाङ्‌मय समृद्ध झाले असते, असे आम्हांला वाटते.

इतके आक्षेप मान्य करूनही आम्ही मूळ विधानावर ठाम आहोत, आणि त्याचे कारण आम्हांला मार्च २०२५ मध्ये सापडले.

आई गेली तेव्हा रानात मोह गळत होता. मातीनंतर आठव्या दिवशी आम्ही पुन्हा तलावावर गेलो. निसर्गाच्या सहवासात दुःख हलके होते असे आपल्याकडे फार लिहिले जाते. आमचा अनुभव तसा नाही. हिवाळ्यात आलेले चक्रवाक थोडे उरले होते. तेही लवकरच लडाख-तिबेटच्या दिशेने जाणार होते. टिटवी ओरडत होती, खंड्या वायरीवर बसला होता. आमच्या घरात काय घडले याची त्या पाण्याला काडीचीही जाणीव नव्हती, आणि त्या अलिप्तपणाचा आम्हांला खरोखर राग आला. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असेच वाटले. परंतु धाकटा हट्ट धरून गेला, म्हणून आम्हीही गेलो. त्या दिवशी पाळीवर जाळे सुकविणारे एक वृद्ध ढिवर भेटले. त्यांनी आईची चौकशी केली. ती गेल्याचे कळल्यावर थोडा वेळ गप्प राहून त्यांनी समोरच्या कमळवेलीकडे बोट दाखविले आणि सांगितले की, कमळपक्ष्याला तुमची आई 'पानावरून चालणारी' म्हणे. मुलीसारखी चालते, पाय न भिजविता. हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या वहीत कमळपक्षी होता, त्याच्या पायांच्या लांब बोटांची माहिती होती. आईने त्याला दिलेले नाव नव्हते. तिच्या आयुष्यातील एक शब्द परक्या माणसाजवळ सुरक्षित होता आणि तो आम्हांला पाळीवर येऊन घ्यावा लागला.

त्या क्षणी चितमपल्लींच्या लेखनपद्धतीचा अर्थ आम्हांला उलगडला. ते सांगणाऱ्याचे नाव का सोडत नाहीत, याचे उत्तर मिळाले. पक्षी दरवर्षी येतो. तो दाखविणारा माणूस दरवर्षी येत नाही. त्या माणसाचे नाव पक्ष्याच्या नावाला बांधून ठेवले, तर पक्षी परतताना त्यालाही बरोबर आणतो. माधवराव पाटलांचे नाव असे नवेगावच्या पाण्यावरील पाखरांना बांधलेले आहे. आमच्या धर्मात मृतांची नावे मिस्सात घेतली जातात, नोव्हेंबर महिना त्यांच्या स्मरणासाठी राखलेला असतो. नाव उच्चारणे ही दुःखावरची एक जुनी रीत आहे, हे आम्हांला नवीन नव्हते. ती रीत तलावाच्या पाळीवरही चालते, हे नवीन होते. सांत्वन पक्ष्यांकडून आले नाही. ज्यांनी पक्षी एकत्र पाहिले होते, त्यांच्याकडून आले. चितमपल्लींच्या पुस्तकांत घराच्या चार भिंती फारशा दिसत नाहीत हे खरे, परंतु ज्याच्याकडून शिकलो त्याला आपला मानण्याचे जे नाते त्यांत आहे, तेच आमच्या मते घर होय. 'घरट्यापलीकडे' असे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे. घरट्याच्या पलीकडेही एक घर असते, असा त्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावला आहे.

त्या वर्षीचा वसंत एकूणच वियोगाचा ठरला. २० एप्रिलला पुनरुत्थानाचा सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. सृष्टीला त्यांनी आपल्या परिपत्रकात 'सामायिक घर' म्हटले होते. २०१५ मधील 'लाउदातो सी'ला त्या मे महिन्यात दहा वर्षे पूर्ण होत होती. जूनमध्ये थोरलीला नागपूरला पोहोचवून आलो. ओट्यावर बसणारी दोन माणसे कमी झाली. मृग लागला होता. १८ जून २०२५ रोजी मारुती चितमपल्ली सोलापुरात निवर्तले. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आईने, "रानाची नोकरी करणाऱ्याला दिली, बरे झाले," असे म्हटले होते. दिगंतराला गेलेला पक्षी अखेरीस आपल्या जन्मगावी परतला होता.

त्या रात्री जपमाळेत आम्ही त्यांचे नाव घेतले. नंतर धाकट्याने वही काढली. चार रकान्यांच्या पुढे पट्टीने रेघ मारून त्याने पाचवा रकाना आखला आणि त्याला 'कोणी शिकविला' असे नाव दिले. मागे जाऊन त्याने जुन्या नोंदी भरावयास घेतल्या. कित्येक ठिकाणी 'पुस्तक' असे लिहिले, काही ठिकाणी ताईचे नाव, कमळपक्ष्यापुढे 'ढिवरबाबा आणि आजी'. पहिल्या पानावरील पावशापाशी तो बराच वेळ थांबला. चौथ्या रकान्यातील आपले नाव त्याने खोडले आणि तेथे 'आजी' लिहिले. पाचव्यातही 'आजी' लिहिले. शेजारी कंसात, शास्त्राला सोडू नये म्हणून, पक्षी खरोखर का ओरडतो तेही लिहिले.

समीक्षकाने लेखकाचे मूल्यमापन करावे अशी रीत आहे. रेखीवपणात चितमपल्ली माडगूळकरांच्या मागे आहेत, चिंतनाच्या खोलीत दुर्गाबाईंच्या मागे आहेत, सामाजिक जाणिवेत विलास मनोहरांच्या मागे आहेत. परंतु एखाद्या पुस्तकाने वाचणाऱ्या घरात काय बदलले, हीही एक कसोटी मानावी अशी आमची विनंती आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालीम अलींच्या. आमच्या दिनदर्शिकेत त्याच्या अगोदर तीन दिवस सर्व मृतांचा स्मृतिदिन असतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही २ तारखेला कबरीवर मेणबत्त्या लावल्या आणि ५ तारखेला पहाटे तलावावर गेलो. थोरली सुटी घेऊन आली होती. चक्रवाकांची पहिली जोडी उतरली होती. ती प्रथम कोणी पाहिली यावरून दोघा भावंडांत थोडे भांडण झाले. 'कोणी शिकविला' या रकान्याबद्दल मात्र त्यांचे एकमत होते.